ठोकलेल्या गाडीची घट

बानूबाई लोणी भापकरहून एसटीने आल्या आणि आल्या आल्या आधी गाडीजवळ गेल्या. माणसं नंतर.

कौसल्याने पाय धुवायला तांब्या पुढे केला. "थांब गं, आदी आजारी बघू दे," असं म्हणून नणंदबाईंनी पदर कमरेला खोचला आणि अंगणातल्या पांढऱ्या मारुतीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात फिरवला. मेंढीची पापणी वर करून बघावं तसं वाकून पुढच्या दिव्यात बघितलं. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "बरी दिसती की. खाती-पिती का?"

"खात न्हाय आत्या," यशराज म्हणाला, "पिती मात्र लई."

कुणी हसलं नाही. त्या गाडीवरून या घरात दोन महिन्यांत कुणी हसलेलं नव्हतं. यशराजची हनुवटी अजून टाक्यांनी ओढल्यासारखी दिसायची, त्यामुळे तो काहीही बोलला तरी थट्टा करतोय की रडतोय हे त्याच्या आईला, कौसल्यालासुद्धा, कळत नसे.

अंगणाच्या मधोमध विटांचा ढीग होता. धाकट्या दिराने, बापूसाहेबाने, त्या भट्टीवरून आणून टाकल्या होत्या. चुन्याची रेघही मारून झाली होती. ती गोठ्यापासून निघून कौसल्याची चूल एका बाजूला आणि मनिषाची चूल दुसऱ्या बाजूला ठेवून सरळ रस्त्याला भिडत होती. भिंत घालायची की नाही, हे आजच्या बैठकीवर होतं. बैठकीला खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून मंडळी विटांवरच बसली.

बापू पहिल्यापासून एकच वाक्य बोलत होता, "गाडीच्या भावाची घट द्या, मग भिंतीचं बघू."

कौसल्याने त्या 'बघू'वर दोन महिने काढले होते. मनिषा तिची धाकटी जाऊ खरी, पण त्याआधी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. कौसल्यानेच हट्ट धरून तिला या घरात आणलेली. जाऊ झाली तरी ती मावशीच म्हणत राहिली. मनिषाची योगिनी तर बारसं झाल्यापासून कौसल्याच्या कुशीत झोपत होती. भिंत झाली की त्या पोरीला निजायला यायचं तर रस्त्यावरून वळसा घालून, कारखान्याच्या ट्रका चुकवत यावं लागणार. म्हणजे ती येणार नाही. बैठकीत हे कुणी बोलणार नव्हतं. बैठक गाडीची होती.

वाटणी संक्रांतीनंतर झाली होती. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने त्यातला हवा तो उचलायचा, अशी या घराची रीत. आजोबांच्या कळपापासून चालत आलेली. पुढे मेंढरं गेली, कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, कारखान्याचे शेअर आले, पण रीत होती तिथंच राहिली. कौसल्याच्या नवऱ्याने, थोरल्या सावळारामांनी, एका वाट्यात ट्रॅक्टर आणि वरची काळी जमीन ठेवली. दुसऱ्यात मारुती आणि ओढ्याकडचं चुनखडीचं रान. बापूने क्षणाचाही विचार न करता मारुती उचलली. सोबतची जमीन कशी आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

गाडीचे कागद त्याच्या नावावर व्हायचे होते, तोवर त्याचा ऊस तुटायला लागला. ट्रॉली कारखान्याच्या रांगेत अडकली. उन्हात थांबलेला ऊस वाळतो, वजनाला घट येते, म्हणून बापूनेच पुतण्याला पिटाळलं, "यश, गाडी घे आन् नंबर लागला का बघून ये." यशराज गेला. नंबर लागला नव्हता. ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नाही, लाल फडकं नाही, उसाचे शेंडे हातभर बाहेर लोंबलेले. तिन्हीसांजेच्या वेळी यशराजला ती दिसली तेव्हा निम्मा ऊस काचेतून आत आला होता.

म्हणजे काकाच्या कामाला, काकाच्या गाडीतून गेलेला पोरगा काकाच्याच उसात घुसला. भवानीनगरात ज्याने ज्याने हे ऐकलं, त्याने आधी "पोरगं बरं हाय ना?" असं विचारलं. मग तोंड फिरवून हसू दाबलं.

विम्याने दुरुस्ती दिली. गाडी महिनाभर बारामतीला राहिली आणि रंगरंगोटी करून परत आली. पण ठोकलेली गाडी ती ठोकलेली. बाजारात तिचा भाव पडला, तो कुणी द्यायचा? यशराज विमा कचेरीत तेही विचारून आला. तिथल्या साहेबाने चष्मा काढून सांगितलं, "बाळ, गाडी चालती करून दिली. तिची अब्रू आमच्या पॉलिसीत बसत नाही."

तेव्हापासून बापू रोज संध्याकाळी थोरल्या भावाच्या ओसरीवर यायचा आणि अब्रूचे पैसे मागायचा.

"चला, बोला," बानूबाई विटांवर मांडी घालून म्हणाल्या. तिघा भावंडांत त्या थोरल्या. आई लवकर गेलेली, त्यामुळे दोन्ही भाऊ त्यांना वचकून असत. "सावळा, तू आदी."

"मी काय बोलू, आक्का?" सावळाराम म्हणाले. "गाडी समोर हाय. नव्यावानी झालीय. उलट आदी दाराला पोचा हुता, त्यो बी निघाला. खरं तर हेनंच मला कायतरी द्याय पायजे."

"पोच्याचं काय घिऊन बसलायस, दादा!" बापू उसळला. "पुढनं आख्खी गाडी नव्यानं बसवलीय. इकाय गेलं तर गिऱ्हाइक बॉनेट उघडून पळून जाईल."

"इकायची हाय का तुला?"

"न्हाय."

"मग घट कसली? इकायचीच न्हाय तर तिचा भाव बघतो कशाला?"

"मेंढी इकायची न्हाय, म्हणून तिचा पाय मोडला तर चालतंय व्हय?"

बानूबाईंनी मान हलवली. मेंढीचं नाव निघालं की त्यांना न्याय सोपा जाई.

बापूने बारामतीहून गाड्यांचा एक दलाल आणला होता. सूरज त्याचं नाव. शर्टाच्या खिशात कंगवा आणि हातरुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. त्याने चुंबक गाडीच्या अंगावरून फिरवलं. दारांना ते चिकटलं, पुढच्या चाकावरच्या पत्र्याला आलं आणि गळून मातीत पडलं.

"लांबी भरलीय," सूरज गंभीरपणे म्हणाला. "पत्र्याचा खड्डा लांबीनं बुजवलाय, वरनं रंग. दिसायला बरी दिसते. पण लोखंड ते लोखंड."

"किती पडला भाव?"

"ठोकायच्या आधी लाखाच्या वर गेली असती, आरामात. आता पंचवीसेक हजार कमी धरा. गिऱ्हाइक खवट निघालं तर तीस."

"तीस!" सावळारामांनी कपाळावर हात मारला. "तेवढ्यात हत्ती येतो, हत्ती!"

"हत्तीला बी उसातच घातला असता तुमच्या पोरानं," बापू म्हणाला.

"माझ्या पोरानं? पाठवला कुणी? ट्रॉली कुणाची? ऊस कुणाचा? लाल फडकं कुणी बांधलं न्हाय?"

"काकाचं बराबर हाय, आबा," यशराज मध्येच म्हणाला. "गाडी मी चालवत हुतो."

"तू गप. तुला टाकं पडल्यात."

कौसल्या चहाचं ताट घेऊन उभी होती. नवरा पैशाला चिकट नव्हता, हे तिला ठाऊक होतं. ती रोज म्हणत आली होती, देऊन टाका आणि मोकळे व्हा. ते म्हणत, "पैशाचं न्हाय गं. पैसं दिलं की आपण नुकसान केलं असं हुतंय. वाटणीत मी काय खोटं केलं न्हाय." पलीकडे मनिषा दाराच्या चौकटीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन उभी होती. मोठ्या दिरासमोर ती कधी एक शब्द बोललेली नव्हती. तिने योगिनीला पुढे धरलं होतं, आणि योगिनी चुन्याच्या रेघेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे करून उड्या मारत होती.

बानूबाईंनी चहा बशीत ओतून संपवला. मग तोंड पुसून म्हणाल्या, "आजाच्या वेळंला काय हुतं, सांगू? वाटं पडायचं, उचलायचं. मेंढरं लगीच हलवत नसत, दोन दीस तिथंच बसायची. तेवढ्यात एखादी लंगडी झाली तर भांडान ठरलेलं. मग ज्याच्या वाट्याची ती मेंढी, त्यानं घट बोलायची. एकदाच. बोलला की फिरायचं न्हाय. आन् दुसऱ्यानं ठरवायचं, तेवढी घट भरून द्यायची, का तेवढी घट वजा करून मेंढी आपल्याकडंच ठिवून घ्यायची, बाकीची किंमत मोजून."

यशराजने हनुवटी चोळली. "म्हंजे काका जास्त बोलले, तर आबा घट देत बसायचेच न्हाईत. स्वस्तात गाडीच ठिवून घेतील."

"व्हय."

"आन् कमी बोलले, तर काकाला कमी मिळणार."

"आजा येडा नव्हता," बानूबाई म्हणाल्या.

बापूने गाडीकडे पाहिलं. इतका वेळ तो तिच्याकडे पुरावा म्हणून बघत होता. आता आपल्या माणसाकडे बघावं तसा बघायला लागला. सावळारामही उठले, गाडीपाशी गेले आणि चाकावर टाच मारून म्हणाले, "स्टेअरिंग डावीकडं वढतंय म्हणं."

"कोण म्हणतं?" बापू म्हणाला. "सुतात चालती."

"दार कुरकुरतंय."

"समद्यांचीच दारं कुरकुरत्यात. तेल घातलं की गप हुतंय."

"लांबी किती भरलीय बघितलंस न्हवं? मुळात पत्रा उरलाय का न्हाय, कुणाला ठावं. चाळीस हजारांची घट असंल बघ."

"चाळीस? लांबी म्हंजे काय, बायामाणसं बी तोंडाला पावडर लावत्यात. तेवढ्यानं भाव पडतो व्हय?"

सूरजने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याच्या धंद्यात गिऱ्हाइकं शब्द फिरवत, पण जागा अशी अदलाबदल करून बसत नसत. "आबा," तो चाचरत म्हणाला, "मघाशी तुम्हीच म्हणाला ना, नव्यासारखी झालीय?"

"मघाशी मी देणारा हुतो," सावळाराम म्हणाले.

मग पाव तास असा गेला, की गाडीची निंदा करणारा तिची आरती करत होता आणि आरती करणारा निंदा. यशराजसुद्धा मध्येच काकाच्या बाजूने इंजिनाची तारीफ करून बसला, तेव्हा सावळारामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने उरलेली तारीफ गिळली. कौसल्याला मात्र हसू आलं नाही. नवरा ही गाडी हट्टाने उचलणार, हे तिला दिसत होतं. गाडीची त्यांना हौस नव्हती. धाकट्याचा शब्द धाकट्याच्याच अंगावर उलटवायची हौस होती. आणि गाडी गेली तर बापू नुसती भिंत घालून थांबणार नव्हता, त्याने तिच्यावर काचा लावल्या असत्या.

"बोल की आता," सावळाराम म्हणाले. "दोन म्हैने रोज येऊन बोलत हुतास. आज काय दातखीळ बसली?"

बापूने कौसल्याकडे पाहिलं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. पाढ्यात अडला की असाच तिच्याकडे बघायचा, आणि गुरुजींची पाठ फिरावी तशी सासऱ्यांची पाठ फिरली की ती बोटं दाखवायची. आज तिच्या दोन्ही हातांत ताट होतं.

"त्या वैनीकडं काय बघतोस?" सावळारामांचा आवाज चढला. "तिनंच तुला न्हाऊ-माखू घालून वाढवला. माझ्या आदी तुझं ताट वाढलं हिनं. शाळंला घातला, लगीन लावलं. त्याची घट कुणी बोललं का कधी? आन् आज तू माझ्या दारात लोखंडाची घट मागतोस?"

दाराशी मनिषाने योगिनीला जवळ ओढलं. "सावळा, हे बोलायचं नव्हतं," बानूबाई हळूच म्हणाल्या. पण ते बोलून झालं होतं, आणि सावळारामांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते कळलेलं दिसत होतं.

बापू उठला. विटांची लाल माती त्याच्या धोतराला लागली होती, ती त्याने झटकली नाही.

"घट न्हाय," तो म्हणाला. "शून्य."

"क्काय?"

"शून्य बोललो, आक्का. एकदा बोललं की फिरायचं न्हाय. गाडीची पुरी किंमत मोजून ठिवून घ्यायची असली तर दादानं घ्यावी. न्हाय तर गाडी माझी. आमचं कायबी येणं न्हाय."

पुऱ्या किमतीला ठोकलेली गाडी कोण घेणार? "मग... गाडी तुझीच," सावळाराम पुटपुटले. जिंकलेल्या माणसाचा आवाज असा नसतो.

"मिटलं," बापू म्हणाला. "आता तुमचं आमाला देणं न्हाय, आमचं तुमाला न्हाय. गवंड्याला उद्या सकाळी बोलवतो." आणि सूरजकडे वळून, "चल रं, तुला फाट्यावर सोडतो."

बानूबाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला. निवाडा झाला होता, पैसे वाचले होते, रीत राहिली होती. एकट्या कौसल्याने हातातलं ताट खाली ठेवलं.

दोन महिने तिला वाटत होतं, घटेचं मिटलं की सगळं मिटेल. आता मिटलं, आणि काय मिटलं ते तिला दिसलं. बापू रोज संध्याकाळी भांडायला यायचा, पण यायचा. चपला काढून, ओसरीवर बसून, चहा घेऊन भांडायचा. त्याच्या मागोमाग मनिषा भाजी निवडायच्या निमित्ताने यायची, पोरगी तर इथंच असायची. भांडण होतं तोवर या घरातून त्या घराला एक रस्ता होता. उद्यापासून बापूला इकडे यायला काही कारणच उरणार नव्हतं.

"शून्य आमाला मान्य न्हाय," कौसल्या म्हणाली.

बापू थांबला. सावळाराम वळले. "तुला काय झालं?"

"आमच्या पोरानं गाडी ठोकली. घट हाय. एजंटानं चुंबक लावून दाखवली, सगळ्यांनी बघितली. पंचवीस हजार."

"अगं ए!" सावळारामांचा आवाज चिरकला. "त्यानं सोडलं की!"

"त्यानं सोडलं म्हणून खड्डा भरून येतोय व्हय? लांबीच हाय ती आत."

"कौसल्या," बानूबाई चक्रावल्या होत्या, "तू हाईस कुणाच्या बाजूची?"

"मी घटंच्या बाजूची हाय, वन्सं."

"वैनी, मला नको," बापू म्हणाला. त्याचा आवाज जरा मऊ झाला होता, त्यामुळे त्याने तो पुन्हा कडक केला. "एक रुपया नको मला."

"नको कसं? दोन म्हैने माझ्या ओसरीवर बसून डोकं खाल्लंस. चहापावडर किती गेली माझी! आता द्यायला निघालो तर नको म्हणतोस? घट घेतल्याबिगर तुला फाट्यावर जायचं न्हाय."

"आन् आणणार कुठनं पंचवीस हजार?" सावळारामांनी विचारलं.

"माझं दूध डेअरीला जातंय. माझ्या म्हशी हाईत. तुमाला कशाची काळजी? एकदम न्हाईच द्यायचं. कारखाना आपलं बिल हप्त्यानं देतो, आमी बी घट हप्त्यानं दिऊ. दर म्हैन्याला डेअरीचा पगार झाला की मी स्वता आणून दीन, मनिषाच्या हातात." ती बापूकडे वळली. "आन् एक ऐक. मला गुडघ्यानं चालवत न्हाय. रस्त्यानं वळसा घालून मी यायची न्हाय. तुला भिंत घालायची तर घाल. पण देणं हाय तवर मला जायला-यायला दार पायजे."

बापूने चुन्याच्या रेघेकडे पाहिलं, मग विटांकडे. सूरजला आता घाई झाली होती, त्याने गाडीचं दार उघडलं. ते कुरकुरलं.

"दार किती रुंद ठिवायचं असतंय?" बापूने शेवटी विचारलं, कुणाकडेच न बघता.

"दोघी एका वेळी जातील एवढं," बानूबाई म्हणाल्या. त्यांना आता कुठे उमगायला लागलं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा पंचासारखा आवाज लावला. "ठरलं तर. हप्ता केवढा धरायचा? सावळा, दोन हजारानं धर. वरसात मोकळा हुशील."

"मोकळा झालेला बरा," सावळाराम म्हणाले. "दोन हजार."

दाराच्या चौकटीपासून कुणीतरी पुढे आलं. मनिषाच्या डोक्यावरचा पदर मोठ्या दिरासमोर इंचभरही ढळला नाही, पण आवाज स्पष्ट होता. ती लग्न होऊन आल्यापासून सावळारामांनी तो पहिल्यांदाच ऐकला.

"मावशी, हप्ता एवढा मोठा नका धरू," ती म्हणाली. "लवकर फिटंल."